घरगाडीच्या मागची पिकअप

मी पिकअप बोलतेय. पुढे दोन सीटा, मागे उघडा हौदा आणि दारावर एक पोचा, जो मी स्वतः पाडून घेतलेला नाही. आधीच सांगून ठेवते, मी जळकी आहे. गाडीला मन नसतं म्हणतात. नसेल. पण पोट असतं आणि ते दुखतं, एवढं मी अनुभवानं सांगते.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात माझ्यासारख्याच ढीगभर जणी रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपणच देखण्या. माझा पहिला मालक काचवाला होता. तो मला इतकी हळू चालवायचा की शाळेच्या पोरांच्या सायकली मला मागे टाकून जायच्या. पुढे त्यानं नवी गाडी घेतली आणि मला दुकानामागे ताडपत्रीखाली ढकलून दिलं. माझ्या हौद्यात मांजरीनं पिलं घातली. येणारा जाणारा ताडपत्री उचलून बघायचा, पण कौतुक सगळं मांजरीचं.

तिथून मला मधपाळ नवराबायकोनं आणलं. मालक माझ्याभोवती फिरून टायरला लाथा मारत होते. मालकीण मात्र सरळ मागे आली, वाकली, माझ्या हुकावर हात फिरवला आणि म्हणाली, "ही ओढेल." एवढ्या दोन शब्दांवर मी तिची झाले.

मग वेल्डरकडून माझ्या मापाचा ट्रेलर बनवून घेतला. माझ्या हुकाच्या उंचीचा, माझ्याइतकाच रुंद. कामाचा, गरीब, कधी पुढे न धावणारा. त्याच्यावर मधमाश्यांच्या पेट्या. मधपाळाचं आयुष्य म्हणजे फुलांच्या मागे धावणं. मोहरी फुलली की तिकडे, ती उतरली की फळबागांत, मग सूर्यफुलांत. संध्याकाळी माश्या घरी परतल्या की पेट्यांच्या तोंडाला जाळी लावायची, पट्टे आवळायचे आणि निघायचं. मालकीण चालवायची आणि मालक शेजारी बसून बोलायचे. बोलायचे म्हणजे थांबायचेच नाहीत. मध्येच ती म्हणायची, "अहो, जरा श्वास घ्या," आणि दोघं हसायची. मी माझ्या घरात सुखी होते.

माझ्यात दोनच सीटा, त्यामुळे फुलोरा असेपर्यंत मुलं मावशीकडे राहायची. मोठी मुलगी, तिला सगळे थोरली म्हणतात, आणि चार वर्षांचं शेंडेफळ. मावशी म्हणजे मालकिणीची सख्खी थोरली बहीण. एकटीच राहते, घरी शिवणकाम करते. मुलांवर तिचा फार जीव.

मागच्या हंगामाच्या शेवटी आम्ही मावशीच्या दारात पोचलो. शेंडेफळ धावत आलं आणि पायरीवरून घसरून पडलं. आई दोन पावलांवर हात पसरून उभी होती. पोरानं भोकाड पसरलं आणि हाक मारली, "मावशी!"

मालकिणीनं पसरलेले हात खाली घेतले. दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना मला रस्त्याकडेला उभी करून माझ्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली. "माझी सख्खी बहीण आहे हो. माझ्या पोरांना तळहातावरच्या फोडासारखं जपते. आणि मला तिचा राग येतो. इतका राग येतो, की माझीच मला लाज वाटते."

मालकांनी माझा पंखा लावून तिच्याकडे वळवला. शेवटी म्हणाले, "यापुढे पोरं आपल्याबरोबर."

मला तिचं दुःख पोचलं. आम्ही दोघी एकाच माळेचे मणी, हे मला त्या दिवशी कळलं. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि माझी सगळी माया आटली.

"मोटरहोम घेऊ," मालक म्हणाले. "चाकांवरचं घर. झोपायला, रांधायला, सगळं आत. मागे ट्रेलर ओढेल अशी बघू."

"आणि हिचं काय?"

"हिला तिथेच देऊन टाकू. बदल्यात घेतात ना जुन्या गाड्या."

हे सगळं माझ्याच सीटवर बसून, माझाच पंखा लावून चाललं होतं. माझा ट्रेलर, माझ्या मापाचा, तो आता दुसरीच्या मागे जाणार! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

वर कहर बघा, सवत निवडायला घेऊन जायचं काम माझंच. मागे हौद्यात मुलं मावली असती, पण तिथे बसायची परवानगी नव्हती, तेव्हा धाकटं आईच्या मांडीवर आणि थोरली दोघांच्या मध्ये, अशी चेंगराचेंगरी करून सगळी निघाली. विक्रीच्या आवारात मला भिंतीला नाक लावून उभं केलं. पण आरशातून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

तिथला विक्रेता इतका गोड बोलायचा, की थोरलीनं पाच मिनिटांत त्याचं नाव साखरकाका ठेवलं. साखरकाकांनी आधी एक धिप्पाड गाडी दाखवली. उंच, पांढरी, नाकावर चांदीची पट्टी. "हत्ती बांधा मागे, ओढेल!" मालक भुलले. हुकापाशी उकिडवे बसून तो असा न्याहाळत होते, की मी आरशातून नजर काढून घेतली.

"मुलं कुठे झोपणार?" मालकिणीनं विचारलं.

साखरकाकांनी जेवणाचं टेबल खाली पाडलं, त्यावर गाद्या थापल्या. "हा बघा, पलंग तयार!"

"आणि आम्ही जेवायचं कुठे?"

"अहो ताई, जेवण झाल्यावरच झोपतात ना मुलं?"

"तुमची झोपत असतील," मालकीण म्हणाली आणि खाली उतरली.

दुसरी गाडी जरा लहान होती. मागच्या टोकाला एकावर एक अशा दोन पलंगड्या, पडू नये म्हणून कठडा, प्रत्येकीला आपली आपली खिडकी, आपला दिवा आणि ओढायला पडदा. मुलं शिरली ती बाहेर यायला तयार नाहीत. शेंडेफळानं पडदा ओढून आतून जाहीर केलं, "मी घरी नाहीये." मग पडद्यातून डोकं काढून म्हणालं, "आई, तू पुढे बस. चालव चालव कर. दिसतेस का बघतो."

ती जाऊन चालकाच्या जागेवर बसली.

"दिसतेस!" पोर ओरडलं.

मालकिणीनं मागे वळून बघितलं नाही. पुढेच बघत बसली. काचेतून तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. माझ्या सीटवर ती इतकी वर्षं बसली, पण तो चेहरा मला कधी मिळाला नव्हता. निवड झाली, हे मला तिथेच कळलं, आणि माझ्या टाकीत कोणी निखारा टाकावा तसं झालं.

मालकांनी ओढण्याची क्षमता विचारली. साखरकाकांनी आकडा सांगितला. मालक बोटांवर हिशेब करत म्हणाले, "निघताना ट्रेलर वजनकाट्यावर घातला होता आपण. बसतोय. जेमतेम बसतोय."

"जेमतेम कशाला, आरामात!" साखरकाका म्हणाले. मधपाळांनाच मधाचं बोट लावायला निघाला होता हा माणूस.

मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कारण यांनी वजन केलं होतं ते निघताना. तेव्हा पेट्या हलक्या असतात. परतताना त्याच पेट्या मधानं गच्च भरलेल्या असतात, शिवाय डबे वेगळे. त्या ट्रेलरचं खरं वजन मला विचारा. घ्या म्हटलं, घ्या त्या चांदीच्या पट्टीवालीची धाकटी बहीण! पहिल्याच चढाला धापा टाकू दे. मग या माझ्याकडे तोंड पाडून.

पण मी तर इथेच राहणार होते ना, बदल्यात दिलेली. आणि चढाचं एक वेळ ठीक, उतारावर भरलेला ट्रेलर मागून ढकलतो, तेव्हा गाडी थांबवायला अंगात जोर लागतो. त्या गाडीच्या अगदी मागच्या टोकाला पलंगड्या होत्या. तिथे कठड्याला पाय लावून पोरं झोपलेली असणार. माझ्या उकळ्या निवल्या. हॉर्न माझा, पण वाजवायला हात दुसऱ्याचा लागतो. मी भिंतीला नाक लावून नुसती उभी राहिले.

साखरकाका कागद आणायला वळले, तेवढ्यात थोरली वरच्या पलंगडीवरून उतरली.

"पण बाबा, घरी येताना ट्रेलर असा नसतो."

"असा म्हणजे कसा?"

"येताना तो खाली बसलेला असतो. आम्ही मावशीच्या खिडकीतून बघतो ना. ट्रेलर खाली बसलेला दिसला की समजायचं, आता आईबाबा राहणार. उंच दिसला की समजायचं, निघाले."

 कागद आणायला निघालेले साखरकाका जागीच थांबले. मालक गाडीच्या पायरीवर बसले. "आपण निघतानाचंच वजन केलं गं," ते बायकोला म्हणाले.

"आपल्याला निघायचीच घाई असते," ती म्हणाली.

थोड्या वेळानं मालकांनी पहिल्या गाडीकडे बोट केलं. "मग तीच घेऊ. पोरं झोपतील टेबलावर."

"टेबलावर नाही." मालकिणीचा आवाज चढला. "आपलं आवरेपर्यंत त्यांनी जागायचं आणि आपल्याला चहा हवा म्हणून सकाळी उठायचं? ताईकडे त्यांना स्वतःचा पलंग आहे. माझ्याकडे काय, टेबल?"

"मग ट्रेलर कोण ओढणार?"

तिनं काचेबाहेर बघितलं. थेट माझ्याकडे. "जी ओढतेय तीच ओढेल. तुम्ही तिला घेऊन मागून या. साखरकाका, हीच गाडी, पण वापरलेली असेल तर दाखवा. बदल्यात आम्ही काही देणार नाही."

साखरकाकांचं तोंड कडू झालं, आणि मी, खरं सांगते, घरी येताना चौथ्या गियरमध्ये नुसती तरंगत होते.

यंदाच्या हंगामात सगळं माझ्या मनासारखं झालं. ट्रेलर माझा राहिला, हूक माझा राहिला. घरगाडी पुढे, तिच्यात मालकीण आणि मुलं. मागे मी, आणि मला चालवायला मालक. मी जिंकले होते. पण जिंकून दिवसभर काय बघायचं, तर तिची पाठ! त्या पाठीवर दोन खिडक्या, आणि खालच्या खिडकीतून शेंडेफळ मला जीभ दाखवायचं. मध्येच आत काहीतरी व्हायचं आणि दोन्ही डोकी हसून हसून खाली जायची. कशाला हसली, ते आम्हांला कोण सांगणार?

मालक बोलेनासे झाले. बोलणार कुणाशी? शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली आणि एक जर्किन. एकदा माझ्या डॅशबोर्डवर थाप मारून म्हणाले, "बघ, पुन्हा हसतायत." मग मैलोन्‌मैल गप्प. जळणाऱ्याला जळणारा लगेच ओळखू येतो. मुक्कामाला घरगाडीचं दार उघडायचं, आतून उजेड आणि फोडणीचा वास यायचा, मालक लगबगीनं आत जायचे आणि दार लागायचं. बाहेर मी, ट्रेलर आणि हजारो माश्या. माश्यांना निदान एकमेकींची ऊब होती.

एक दिवस त्याच दारातून उतरताना शेंडेफळ पडलं. गुडघा फुटला. पोरानं जीव खाऊन हाक मारली, "आई!" मालकीण धावली, जखम पुसली, फुंकर घातली. पोर रडत होतं आणि ही वेडी हसत होती. मला बरं वाटलं. पोटात दुखत होतं तरी बरं वाटलं.

मोहरी संपली, फळबागा संपल्या. मध उतरवून झाला, आणि सूर्यफुलांकडे जाताना वाटेत काल आम्ही मावशीकडे थांबलो. मुलांनी तिला हाताला धरून घरगाडीत नेलं. तिनं सगळं पाहिलं. कठडा हलवून पाहिला, पलंगडीवरची चादर ओढून नीट केली आणि म्हणाली, "हा झोपेत पांघरूण लाथाडतो. बघतेस ना?"

"बघते ताई."

"मग झालं," मावशी म्हणाली आणि खाली उतरली. हसलीसुद्धा. मग बराच वेळ अंगणात नुसतीच उभी राहिली, हातात काही काम नसल्यासारखी.

आज सकाळी आम्ही निघतोय. घरगाडी पुढे गेली. मागच्या खिडक्यांतून दोन हात हलले. मावशीनंही हात हलवला आणि गाडी वळणाआड गेल्यावरही तो तसाच वर राहिला. त्या खिडक्यांकडे ती कशी बघत होती, ते मला कुणी सांगायला नको. इतके महिने मी तेच केलंय. ज्या बाईच्या नावानं माझी मालकीण माझ्या स्टिअरिंगवर रडली, तीच आता आमच्यात सामील झाली.

ट्रेलरचे पट्टे तपासून मालक आत बसलेत. मावशी सावकाश माझ्याजवळ आलीय. "सांभाळून चालवा," म्हणतेय. मालक म्हणतायत, "हो ताई."  तिनं रिकाम्या सीटच्या दारावर हात ठेवलाय आणि तो उचलत नाहीये. घरात शिवणयंत्र आहे, पण ते काय, हौद्यात मावेल.

मालक, किल्ली फिरवू नका. पुढच्या गाडीकडे खूप बघून झालं, जरा बाजूला बघा. ती बाटली, ते जर्किन मागे टाका. या दाराची बाहेरची मूठ कधीच तुटलीय, ते बाहेरून उघडत नाही. ती स्वतःहून काही म्हणणार नाही, आणि मला बोलता येत नाही. तुम्हीच हात लांब करा आणि आतून उघडा.