दातखीळ

सकाळचा उजेड त्या खोलीत कधी घाईने येत नसे. आधी तो खिडकीच्या गजांवर रेंगाळे, मग फरशीवर आडवा होई, वाळत घातलेल्या दुपट्याला पिवळसर करी, आणि सरतेशेवटी पलंगाच्या कडेला येऊन झोपलेल्या चिमीच्या कानाची पाळी गुलाबी करून थांबे. आज ती पाळी उजेड पोचण्याआधीच लाल होती. ताप परत चढला होता.

कुलूपवाला लेकीच्या उशाशी चमचा घेऊन बसला होता, पहारेकऱ्याच्या थाटात. मागच्या तापात चिमीला आकडी आली, दातखीळ बसली, आणि बंद दिसेल ते उघडायचं हाच ज्याचा धंदा, त्याने चमच्याची दांडी तिच्या दातांत घुसवली. पुढचा एक दात तुटला. "आकडीचा जोरच तसला," असं तो दुकानात प्रत्येकाला सांगे. किल्ली घडेपर्यंत गिऱ्हाइकाला पळता येत नसे, त्यामुळे पराक्रमाची कथा पूर्ण होई. आणि दर खेपेला ती आकडी थोडी अधिक भयंकर होई.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. कुशीवर वळवा. बहुतेक वेळा आपोआप थांबते. पाच मिनिटांवर गेली, तर तडक दवाखाना." हे सगळं पुस्तकी असल्याचं परखड मत त्याने, अर्थात दवाखान्याबाहेर आल्यावर, मांडलं होतं.

"अहो, तो चमचा ठेवा बघू आत," बायको म्हणाली.

"असू दे हाताशी."

"मग छिन्नी-हातोडीही आणा की दुकानातून! चमच्याने काय भागणार तुमचं?"

"कर चेष्टा. त्या दिवशी मी नसतो तर..."

चिमीचे डोळे वर गेले. अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले. त्याचा चमच्याचा हात पुढे आला. बायकोने तो कोपराने उडवला, पोरीला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सैल केलं.

"घड्याळ बघा! तेवढंच करा. दुसरं काही करायचं नाही, सांगून ठेवते!"

बंद दारांपुढे आयुष्यभर मान मिळवलेला माणूस भिंतीवरच्या घड्याळापुढे रिकाम्या हातांनी उभा राहिला. काटा असा सावकाश चालला होता, जणू त्याला लेकरंबाळं नव्हतीच. चिमीची लाळ चादरीवर ओघळत होती. दुसरं मिनिट सरता सरता झटके मंदावले, थांबले. जबडा आपणहून सैल झाला. तिने मोठा श्वास घेतला आणि जरा वेळाने किरकिरत आईचा पदर पकडला.

"डॉक्टरीणबाईंना फोन लावा," बायको म्हणाली. ती चिमीच्या हनुवटीवरची लाळ पुसू लागली.

फोन वाजत राहिला. तो चिमीच्या अर्धवट उघड्या तोंडाकडे पाहत राहिला. ओठाला ओरखडासुद्धा नव्हता. उरलेले सगळे दात जागच्या जागी होते.

तो एक दात त्याने तोडला होता.