किल्ली सुपरवायझरसाहेबांकडे

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. तारेचा, कपडे शिवायच्या कारखान्यात जिन्याखालच्या खोलीत भिंतीला लावलेला. हसू नका! एके काळी मी गेटवरच्या केबिनमध्ये होतो. माझी घंटा वाजली की पहारेकरी हातातला घास टाकून धावायचा.

मग मालकांनी 'मनमोकळी खोली' काढली आणि मला घासूनपुसून इथे आणलं. माझं एकच बटण दाबलं की थेट समुपदेशक ताईंशी बोलता येतं. पहिल्या दिवशी टाळ्या काय, फोटो काय! मी नुसता फुगून गेलो होतो.

पण खोलीला कुलूप, आणि किल्ली सुपरवायझरसाहेबांकडे. माणूस वाईट नाही हो. किती जणांना लाभ झाला ते वर कळवावं लागतं, म्हणून त्यांनी वही ठेवली: नाव, विभाग, कारण. पहिल्याच इस्त्रीवाल्याने भाबडेपणाने लिहिलं, 'झोप लागत नाही, रडू येतं.' साहेबांनी काळजीपोटी त्याला इस्त्रीवरून काढून धागे कापायला बसवलं. झालं! कारखानाभर बोभाटा. तेव्हापासून इकडे चिटपाखरू फिरकत नाही. नव्या मुलींना तर ही खोकी ठेवायची खोली वाटते. जुन्या बायका त्यांना दटावतात, "नको गं बाई, एकदा शिक्का बसला की बसला."

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कटिंगमास्तर आले. हातात रिकामं खोकं, वहीत कारण लिहिण्यापुरतं. साहेबांनी कुलूप काढून दिलं, तसं मास्तरांनी आत येऊन दार लोटलं आणि मला उचललं. बोट बटणावरून दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा बटण दाबलं गेलं.

"बोला, मी ऐकतेय. नाव नाही सांगितलं तरी चालेल," ताई म्हणाल्या.

"ताई... बायको गेली माझी. घरी पाऊल टाकवत नाही. आता जगावंसंच वाटत नाही."

"बरं केलंत फोन केलात. आत्ता तुम्ही—"

दारावर टकटक झाली. "काय मास्तर, एका खोक्याला इतका वेळ?"

मास्तरांनी मला खाली ठेवलं, डोळे पुसले, "आलो, आलो" म्हणत बाहेर गेले. साहेबांशी हसून बोललेसुद्धा.

ताईंनी लगेच उलट फोन केला. एकदा नाही, सात वेळा! पण माझ्या आवाजाने दचकायला होतं म्हणून साहेबांनी माझी घंटाच बंद करून टाकलेली. मी आपला लाल दिवा लुकलुकवत राहिलो. फोन असून मुका! जळो मेला असला जन्म.

त्यानंतर चार दिवस मास्तर कामावर आले नाहीत. जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला मी कान लावून होतो. माझ्या जिवात जीव नव्हता.

आज आलेत! दाराबाहेर उभे आहेत. साहेब सहजच विचारतायत, "मास्तर, आज काय ठेवायचंय?"

मास्तरांच्या हातात आज खोकं नाही.

मित्रांनो, मला हात नाहीत, तरी जोडतो. कुणी जवळपास असाल तर साहेबांना सांगा, ती वही मिटा, कारण विचारू नका, नुसतं दार उघडा. नाहीतर तुम्हीच मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवा, त्यांना माझ्यापर्यंत घेऊन या. ताई पलीकडे आहेत, त्या ऐकतील. पण जरा लवकर करा. मास्तरांची पावलं परत फिरलीत.