टाकीला कुलूप

हेरंबच्या माशांच्या टाकीतलं प्रवाळ फिकं पडू लागलं, आणि त्याचा संशय गेला तो थेट सासऱ्यांवर. घरात माणसं तीन. हा, बायको हरिप्रिया आणि तिचे वडील एकोजीराव. बायकोवर संशय घ्यायची छाती कुणाची?

एकोजीराव तंजावरचे, तिथल्या जुन्या मराठी घरातले. सासूबाई गेल्यावर हरिप्रियाने त्यांना मैलापूरच्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हाच तिने नवऱ्याला बजावलं होतं, "अप्पांना इथे परकं वाटलं तर ते बोलून दाखवणार नाहीत. एक दिवस पिशवी उचलून निघतील. मग मीही त्यांच्यामागे जाईन." हेरंबने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

हा गडी श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात तपासणीवर. दोष शून्य हवा, हा त्याचा जप. तोच त्याने हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला लावला. माशांच्या घाणीने पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट साचतं, म्हणून त्याने बायोपेलेट्स आणल्या. साबुदाण्याएवढ्या या गोळ्या एका नळकांड्यात पाण्याबरोबर घुसळत राहतात. त्यांच्यावर जिवाणू पोसतात आणि पाण्यातलं हे सगळं फस्त करतात. पाकिटावर लिहिलं होतं, आधी थोड्या घाला. याने पहिल्याच दिवशी दुप्पट घातल्या. चाचणीत नायट्रेट शून्य आलं तेव्हा स्वारी अशी खूश, जशी काही बढतीच मिळाली.

मग प्रवाळाचा रंग उतरला. पाणी निर्मळ, म्हणजे दोष बाहेरचाच. खडकामागे भाताची शितं सापडली, तेव्हा तर शंकाच उरली नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात. हेरंबने सासऱ्यांची केली.

"मामा, टाकीत भात तुम्ही घातलात?"

"हो. एकच घास, रोजचा," एकोजीराव म्हणाले. "पावम, खातात बिचारे."

हेरंबचं डोकं फिरलं. तो भांडला नाही, पण संध्याकाळी झाकणाला कुलूप बसवलं आणि गोळ्या आणखी वाढवल्या. एकोजीराव खुर्चीत बसून ते कुलूप पाहत राहिले.

तरी प्रवाळ आणखीच पांढरं पडलं. म्हाताऱ्याने किल्ली शोधली, दुसरं काय! रंगेहाथ धरायचं म्हणून एका दुपारी हेरंब हाफ डे टाकून आला आणि चपला हातात घेऊन चोरपावलांनी आत शिरला.

एकोजीराव टाकीसमोर ताट वाढून बसले होते. भात, वर चिंचेच्या आमटीसारखं कुळंबु. त्यांनी पहिला घास उचलला आणि बाल्कनीकडे पाहिलं. तिथे कबुतरं येऊ नयेत म्हणून हेरंबनेच जाळी ठोकलेली. मग कुलपाकडे पाहिलं. घास परत ताटात ठेवून त्यांनी ताट झाकलं.

"मामा, जेवला नाहीत?"

म्हातारा दचकला. "कावळ्याला घास दिल्यावाचून आमच्याकडे जेवत नाहीत. जाळीतून कावळा येत नाही, म्हणून माशांना देत होतो." मग हळूच म्हणाले, "रात्री थोडं खातो की. हरिप्रियेस सांगूं नका. ताट खाली गाईला घालतो."

खुर्चीशी भरलेली पिशवी होती. हेरंबने ती पाहिली आणि हातातल्या चपला खाली ठेवल्या. आपल्याच घरात म्हातारं माणूस उपाशी राहतंय, आणि आपण त्याला चोर ठरवायला निघालो होतो. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्याची नजर टाकीवर गेली. घास पडत होता तोवर प्रवाळाला थोडा तरी रंग होता. प्रवाळालाही जगायला पाण्यात जरासं नायट्रेट, फॉस्फेट लागतं, आणि गोळ्यांनी ते सगळं ओरपलं होतं. ज्या शून्यावर तो खूश होता, तो प्रवाळाचा उपास होता.

त्याने कात्री आणली आणि जाळी हातभर कापली. एकोजीरावांनी कठड्यावर घास ठेवला. दोघं वाट पाहत बसले. कावळा काही येईना.

"आलाच नाही तर?" हेरंबने विचारलं.

"तर मी उपाशी," एकोजीराव टाकीकडे पाहत म्हणाले, "तेही उपाशी. आज तुम्हीपण."

हेरंबने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि त्यांच्यासाठी झाकण उचलून धरलं.