डबल बेल

प्रतीक्षाने सभागृहातल्या नव्या लाकडी चौथऱ्याला पाय लावून तो ढकलून पाहिला. हलला नाही. कुणीतरी त्याला चार स्क्रू मारून पक्का केला होता, आणि तोही वादकांच्या जागेच्या बरोबर मधोमध, जिथे कालपर्यंत तिचा हार्पसिकॉर्ड, पियानोचा जुना पूर्वज, होता. हार्पसिकॉर्ड आता भिंतीशी सरकवलेला होता, घरात नको असलेलं कपाट ठेवावं तसा.

मॅनेजर ग्रॅहम कॉफीचा कप घेऊन आला.

"मेट, आपण यावर बोललो होतो."

"तू बोलला होतास."

"हे बघ, उद्या शोचं शूटिंग आहे. लोकांना कंडक्टर दिसायला हवा. तू इथे उभी राहा, हातात बॅटन घे. सिडनीहून डेव्हिड येतोय, दोन चाळीसला पोचेल. तू उभी राहिलीस तर हार्पसिकॉर्ड तो वाजवेल."

"आणि नाही राहिले तर?"

"तर इथे तो उभा राहील." ग्रॅहमने कॉफीचा घोट घेतला. "तुझं पुढच्या तीन वर्षांचं काँट्रॅक्ट बोर्डापुढे आहे. बोर्डाची माणसं तीन वाजता रिहर्सल बघायला येतायत. नो प्रेशर."

तो गेला. घड्याळात सव्वादोन झाले होते.

प्रतीक्षाला इतका राग आला की तिला हसू फुटलं. तीनशे वर्षांपूर्वीचा इटालियन ऑपेरा होता हा. त्या काळी ना चौथरा होता, ना बॅटनची काडी. ऑपेरा चालवणारा हार्पसिकॉर्डवर बसायचा आणि वाजवता वाजवता मानेने सगळ्यांना सांभाळून न्यायचा. समोरच्या वहीत खालच्या सुरांची एकच ओळ आणि तिच्यावर थोडे आकडे असायचे. बाकी सगळं जागच्या जागी, गाणाऱ्या बाईचा श्वास बघून भरायचं. हे शिकायला ती हॉलंडला चार वर्षं राहिली होती. तिथून ऑस्ट्रेलियात आल्यावर सिडनीजवळच्या पॅरामॅटात मुलांना पियानो शिकवून तिने दिवस काढले, दुसऱ्यांच्या रिहर्सलींना वाजवलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर वॉलॉंगॉंगच्या या छोट्या ऑपेरा कंपनीत तिला तिची जागा मिळाली. मागच्या वर्षी एका परीक्षणात कुणीतरी लिहिलं होतं की बाई कंडक्टर कमी आणि साथीदार जास्त वाटतात. ग्रॅहमला ते लागलं. तिने ते कापून फ्रीजवर लावलं.

तिसऱ्या रांगेत तिचे वडील बसले होते, दादाराव. स्वेटर, मफलर आणि मांडीवर स्टीलचं चष्म्याचं घर. येऊन तीन आठवडे झाले होते. परभणी डेपोत एकतीस वर्षं त्यांनी एसटीची कंडक्टरकी केली, डबल बेल देऊन गाड्या सोडल्या. मुलगी ऑस्ट्रेलियात कंडक्टर झाली म्हटल्यावर भावकीत सगळ्यांनी एकच अर्थ काढला होता, की पोरीने बापाचीच नोकरी पुढे चालवली. दादारावांनी तो कधी दुरुस्त केला नाही.

"काय म्हणत होता गं तो?" त्यांनी विचारलं.

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. "उभी राहा म्हणतो."

"मग ऱ्हा की! एकतीस वर्षं उभा होतो मी, झिजलो का?"

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं."

"न कळायला काय झालं? नोकरी हाय ती. सायेब म्हणला उभं ऱ्हा, तर उभं ऱ्हायचं. तीन वर्षाचं पक्कं होतंय ना?"

दादारावांनी चौथऱ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"उभं ऱ्हाऊन करायचं काय?"

"काडी हलवायची."

"आन पेटी?"

हार्पसिकॉर्डला ते पहिल्या दिवसापासून पेटीच म्हणत होते.

"पेटी दुसरा वाजवेल. सिडनीहून येतोय."

"तुझी पेटी?"

"हो."

परभणीत ड्युटी संपली की रात्री दादाराव गायन पार्टीत पेटीवर असायचे. चौदा एप्रिलच्या आसपास महिनाभर गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम व्हायचे. मागे कोरस, बाजूला ढोलक, आणि सात वर्षांची प्रतीक्षा त्यांच्या मांडीला टेकलेली. हात पेटीवर अडकलेले, म्हणून ते हनुवटीने खुणावायचे. हनुवटी खाली आली की बारा जण एकदम गाणं उचलायचे. हॉलंडच्या शिक्षकांनी ही खूण कुठे शिकलीस म्हणून तिला विचारलं होतं.

"माझा आजा," दादाराव हळू आवाजात म्हणाले, "गावात कुणापुढं बसला नाही. बसूच देत नव्हते. मी दिवसभर गाडीत उभा. पेटीम्होरं तेवढा बसायचो, भर चौकात, सगळ्यांच्या मधी." त्यांनी मफलर काढून घडी घातली. "कंडक्टर मी होतो, बाई. उभं ऱ्हायचं माझं झालं. तू बस."

प्रतीक्षा उठली. आधी तिने हार्पसिकॉर्डच्या चाकांचे ब्रेक काढले. पहिलं व्हायोलिन वाजवणारी हेलन तेवढ्यात आत आली. रोजच्यासारखं "जय भीम, दादा" म्हणाली, आणि काही न विचारता तिने दुसरी बाजू धरली. चौथरा हलणार नव्हता, म्हणून दोघींनी हार्पसिकॉर्ड त्याच्या पुढे आणला, अगदी चिकटून. चौथऱ्यावर प्रतीक्षाने आपली पर्स आणि पाण्याची बाटली ठेवली.

तीनला बोर्डाची माणसं येऊन बसली. दारात ग्रॅहम उभा होता, त्याच्या शेजारी बॅटनची लांबट डबी घेतलेला उंच डेव्हिड. वादक आपापल्या जागी उभे राहिले. जुन्या पद्धतीने हे लोक उभ्यानेच वाजवत. सगळ्या सभागृहात कामाला बसलेली माणसं थोडीच, गुडघ्यांत चेलो धरलेले वादक आणि ती.

"प्रतीक्षा," ग्रॅहम दारातून म्हणाला. "प्लीज."

तिने पट्ट्यांवर हात ठेवले. व्हायोलिन-चेलोचे गज उचलले गेले, पण नजरा घुटमळल्या, तिच्याकडून दाराकडे आणि दाराकडून पुन्हा तिच्याकडे. काँट्रॅक्ट त्यांचंही त्याच बोर्डापुढे होतं. हेलनने ओठ घट्ट मिटले. प्रतीक्षाने आता खूण केली आणि कुणी उचललंच नाही तर? कोरस फितूर झाला तर पेटीवाल्याने काय करायचं, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. तिची मान ताठ झाली आणि तशीच राहिली.

तिसऱ्या रांगेत, खुर्चीच्या लोखंडी दांडीवर, चष्म्याचं घर वाजलं.

टक टक.

बोर्डातल्या एका बाईंनी कपाळाला आठ्या घालून मागे पाहिलं. दादाराव सरळ समोर बघत होते.

प्रतीक्षाची हनुवटी खाली आली, आणि अठरा गज एकदम तारांवर पडले. गाडी सुटली.