बोकडांना बंदी, मेंढ्यांना परवाना

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या डोंगरात चढायचं तर वेर्ना हॅल्वर्सनला बोकडांशिवाय इलाज नव्हता. खुबा मोडल्यापासून पाठीवर पाण्याची बाटलीसुद्धा जड व्हायची. तंबू, शिधा, पांघरूण, सगळं बिशप आणि त्याचे भाऊ वाहायचे. खच्ची केलेले धिप्पाड बोकड, कुत्र्यासारखे तिच्या मागे चालणारे. खाली गावात ती लंगडी बाई होती. वर गेली की नुसती वेर्ना.

त्या शरदात ती सकाळी तंबूबाहेर आली, तर एक तरणा रानमेंढा बिशपच्या नाकाला नाक लावून उभा. बोकड नेहमीसारखे दोरीला बांधलेले होते. रानमेंढ्याला कोण बांधणार? तिनं दगड मारून त्याला पिटाळला आणि मुक्काम मोडला.

बोकडवाल्यांचा आपसातला नेमच होता तसा. पाळीव जनावराच्या श्वासातून रानमेंढ्यांना फुप्फुसाचा रोग लागू शकतो, मग कळपच्या कळप खोकून मरतात. म्हणून असं काही घडलं की खाली उतरायचं आणि वनखात्याला सांगायचं.

"गप बस की," गाडीपाशी वाट बघत थांबलेला तिचा दीर अर्लो म्हणाला. "बघितलंय कोणी? तू आणि मेंढा. मेंढा काही तक्रार करायचा नाही."

"आणि आजारी पडला तर?"

"मागच्या साली माझ्या बोकडांतही एक घुसला होता. मी बोललो? जा, घे पायावर धोंडा पाडून."

ती गेली. वनखात्याच्या प्रेंटिसनं उठून तिला खुर्ची दिली. "सगळे तुमच्यासारखे असते तर आमचं काम किती सोपं झालं असतं, बाई," म्हणाला. बोकडांची नाकं तपासली. रोग निघाला नाही. पण त्याच थंडीत गावच्या सभागृहात त्यानं भिंतीवर नकाशा लावला. वेर्नाची वाट, वेर्नाचा मुक्काम, सगळं तांबडं. बोकडांना बंदी. कारण: रानमेंढ्याशी झालेला संपर्क.

"माझे बोकड निरोगी निघाले ना?" वेर्नानं विचारलं.

"आज निघाले. उद्याची खात्री कोण देणार?"

"आणि डोंगराच्या धारेपलीकडच्या हजारो पाळीव मेंढ्या? त्यांची नाकं कधी तपासलीत?"

प्रेंटिसनं नकाशावरचा न रंगवलेला भाग हातानं झाकल्यासारखा केला. "त्यांचा चराईचा परवाना जुना आहे. तो विषय वेगळा."

"म्हणजे रोग परवाना बघून लागतो," ती म्हणाली. मागं कोणीतरी हसलं. तिला हसू आलं नाही. "मी तोंड बंद ठेवलं असतं तर आज माझी वाट उघडी असती. रानमेंढ्यांसाठी बोलले, त्याची सजा मला. आणि मालक मोठा, म्हणून त्याच्या कळपांना माफी. याला तुम्ही रक्षण म्हणता?"

प्रेंटिसनं वही उघडली. मग सभेकडं वळून, कामाचा भाग म्हणून विचारलं, "आणखी कोणाच्या बोकडांजवळ रानमेंढा आला होता का? माहिती मिळाली तर मदत होईल."

सभागृह बोकडवाल्यांनी भरलं होतं. कोणी टोपीची कड चाचपत होतं, कोणी खिडकीकडं बघत होतं. अर्लो आपल्या बुटांकडं बघत होता. वेर्नानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. त्यानं मान वर केली नाही, आणि तिला त्याचा रागही येईना.

"लिहून घ्या, साहेब," काठी उचलत ती म्हणाली. "यंदा एकही नाही. पुढच्या सालीही नसेल."