गाळलेल्या रात्री

प्रबंध देण्याची मुदत शुक्रवारी संपत होती. बुधवारी दुपारी मी तो मार्गदर्शक सरांच्या टेबलावर ठेवला.

"चौथं प्रकरण अजून आहे यात," सर म्हणाले. "ते काढ, मी सही करतो."

उपग्रह साडेचारशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीचं चुंबकक्षेत्र मोजत जातो. काही रात्री त्याच्या नोंदीची रेघ थरथरते. अशा रात्रींपुढे 'खराब' लिहून त्या गाळायच्या, ही आमच्या प्रयोगशाळेतली रीत. वीस वर्षांपूर्वी सरांनीच घातलेली. मी सहा वर्षं त्या गाळलेल्याच रात्री वाचल्या होत्या; चौथं प्रकरण त्यांचंच.

माझ्याबरोबर संशोधन करणारा अनुप शेजारून कुजबुजला, "काढून टाक ना माय! डिग्री घे, मंग छाप काय छापायचं ते. काऊन अडून राह्यली?"

"वर्ध्यावर आलं का यंत्र बिघडते बॉ," सर अनुपच्याच बोलीत म्हणाले आणि हसले. "उपग्रहालेही पिपरी मेघेचं पाणी बाधलं वाटते."

मी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत राहते. हसले नाही. आलेख पुढे सरकवला.

"इथे, वर्ध्यावर, थरथर. चुंबकीय विषुववृत्तापाशी शांत. काही मिनिटांनी हिंदी महासागरावर पुन्हा तशीच थरथर. ही दोन्ही ठिकाणं एकाच चुंबकीय रेषेची टोकं आहेत, सर. बिघडलेल्या यंत्राला दुसरं टोक कसं सापडेल? आणि हे एकदा नाही. दोनशे अकरा रात्री."

सरांनी आलेखातल्या दोन्ही थरथरींवर बोट ठेवून पाहिलं. "म्हणजे माझं आजवरचं काम चूक?"

"शांत रात्रींपुरतं बरोबर आहे."

त्यांनी प्रबंध माझ्याकडे ढकलला. "सही नाही. नोंदणी रद्द झाली तर माझ्याकडे रडत येऊ नको."

"नाही येणार. नकाराचं कारण लिहून द्या."

त्यांनी कागद ओढला, 'यंत्रातील दोष' एवढं लिहिलं, आलेखाकडे पाहिलं आणि ते खोडलं. "लेखी काही देत नसतो मी."

"मग मी लिहिते."

त्याच कागदाच्या मागे मी विभागप्रमुखांना अर्ज लिहिला : चौथ्या प्रकरणावरून सही नाकारली, लेखी कारण मागितलं, दिलं नाही. खाली तारीख, वेळ. मग पेन अनुपपुढे धरलं. "साक्षीदार म्हणून."

त्याने सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मेलो मी," तो म्हणाला, आणि सही केली.

कार्यालयात अर्ज घेणारी आवक खिडकी पाचला बंद होते. मी अर्ज घेऊन उठले.