घोडेस्वाराची मागची बाजू

अगं तू आधी ऐक, मध्ये बोलू नकोस. आपली रासमाता निकिएमा आहे ना, मामाच्या ओतकामाच्या अंगणात बसून पाहुण्यांसाठी पितळेचे हत्ती करते ती? हत्ती, मग घागरवाली बाई, मग परत हत्ती. वैतागली होती पोर. तिला शिकायचं होतं आन्सेल्म पारेंकडे. बाकीच्या मुली गायकांचे फोटो जपतात ना, तसे हिने पारेंच्या पुतळ्यांचे जपलेले. आणि इकडे मामाने सांगून टाकलेलं, हत्तींना आता गिऱ्हाईक नाही, सण झाला की तू आबिजानला मावशीच्या कापडदुकानात जायचं. म्हणजे पारेंनी घेतलं तर ठीक, नाहीतर आयुष्यभर कापड फाडत बसा.

तर गेली एकदाची धीर करून. म्हातारा विणलेली टोपी घालून दारातच मेण मळत बसलेला. नाव-काम विचारलं, हिने निकिएमा, हत्ती करते असं सांगितलं, आणि आडनाव ऐकून त्याचे डोळे चमकले. ही मोस्सी जमातीची, तो सामो. मग काय, तुला माहीतच आहे, आपल्याकडे मोस्सी-सामो समोर आले की एकमेकांना गुलाम म्हटल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही, आणि राग मानायचा नाही, हे पणजोबांच्याही आधीपासूनचं. म्हातारा म्हणाला, गाढव खाणाऱ्या माणसांना मी अंगणात घेत नाही, माझं गाढव घाबरतं. खरंच होतं तिथे एक गाढव बांधलेलं. मेणाचा पुतळा करून त्याभोवती जो मातीचा साचा घालतात ना, त्या मातीत लीद लागते.

रासमाता गप्प बसणारी थोडीच. म्हणाली, "काका, गाढव दिसतंय, पण कुत्रं काही दिसत नाही अंगणात. कालच जेवलात वाटतं."

आता मोस्सी गाढवं खातात आणि सामो कुत्री, ही जुनीच चेष्टा, कुत्र्यावरून डिवचलं की सामो हसतोच. हा हसला नाही. मेण खाली ठेवून म्हणाला, "माझं एक काम मी मुद्दाम बिघडवलंय. इथेच आहे, वागादुगूत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. शोध आणि ये. नाही सापडलं तर हत्तीच कर."

रविवारी ही पारेंचे गावभरचे पुतळे बघायला निघाली, अलिमाताच्या मोपेडवर मागे बसून. अलिमाता झेर्बो, हिची मैत्रीण, ती पण सामोच. निघतानाच म्हणते कशी, माझ्या गुलामाला मी मोपेडवरून फिरवतेय, मालकिणीवर काय वेळ आली बघा. आणि दिवसभर तेच. बाळंतपणाच्या दवाखान्यासमोर ती पाजणारी आई आहे ना, पोटुशा बायका जाता-येता हात लावून जातात म्हणून जिचा गुडघा सोन्यासारखा झालाय, तिच्यासमोर रासमाता जी उभी राहिली ती हलेचना. बोटांनी चाचपून बघतेय, कुठे तडा, कुठे चूक. रखवालदार येऊन विचारून गेला की बाई, कितवा महिना. अलिमाताने गंभीर तोंड करून सांगितलं, पुतळ्याचंच गर्भारपण आहे हो हिला, कधीचं.

मग मैदानावरचा गोलकीपर. त्याच्या पसरलेल्या हातांवर कुणीतरी शर्ट वाळत घातलेले, रासमाताने ते काढून परत नीट घातले, जेणेकरून कोपर दिसावं. मग बसच्या तळावरचा ढोलवाला. प्रत्येक ठिकाणी हिचं एकच, इथे कुठे काय बिघडलंय, किती सुंदर आहे गं. जसजसं सुंदर दिसत गेलं तसतसं तोंड उतरत गेलं. आबिजान जवळ यायला लागलं ना.

शेवटी राहिला बाजारचौकातला घोडेस्वार. आपल्या मोस्सींचा तो मानाचा घोडेस्वार, भाला उंच धरलेला, छाती पुढे. तो बसवला तेव्हा रासमाताचा मामा नवा झगा घालून गेला होता, अजूनही तिथून जाताना तो टोपी काढतो. रासमाता समोर उभी राहून बघतेय, बघतेय, आणि पहिल्यांदाच तिला काहीच वाटेना. घोडा आहे, स्वार आहे, सगळं जागच्या जागी, आणि कुणीच श्वास घेत नाहीये.

अलिमाता कुठे गेली म्हणून ती वळसा घालून मागे गेली. तर ही बया मागच्या कट्ट्यावर भात-चवळी खात बसलेली, आणि तिच्याबरोबर तीन-चार सामो कुटुंबं, पोराबाळांसकट, गावाहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन. सगळे वर बघतायत आणि खुदुखुदु हसतायत. रासमाताने वर पाहिलं.

गाढवाची शेपूट. घोड्याला. बारीक दांडी आणि टोकाला झुपका, अस्सल गाढवाची.

गावातल्या प्रत्येक सामोला माहीत होतं गं. आणि एकही मोस्सी कधी मागे गेला नव्हता, सगळे पुढूनच फोटो काढणारे. रासमाता अलिमाताला म्हणाली, दिवसभर उन्हात फिरवलंस, सकाळीच इथे आणता येत नव्हतं? अलिमाता घास चावत म्हणाली की मग गुलाम कसली तू.

दुसऱ्या दिवशी रासमाता पारेंच्या दारात. म्हाताऱ्याने विचारलं, सापडलं? ही म्हणाली, सापडलं, बाजारातला घोडेस्वार. तो खूश झाला, म्हणाला, शेपूट बिघडवली ती, हो की नाही?

"नाही काका. शेपूट एवढीच जिवंत आहे त्याच्यात. बिघडवलाय तुम्ही घोडा."

 म्हातारा म्हणाला, घोडा पैसे देणाऱ्या सरकारी साहेबांनी सांगितला तसा केला, शेपूट मी माझी केली. आणि उठून आतून काहीतरी आणलं, तर तीच शेपूट. त्याच सकाळी एका मालाच्या ट्रकने मागे घेताना धक्का दिला आणि ती मुळातून मोडली होती. नवी ओतायची होती. त्याने मेणाचा गोळा रासमाताच्या मांडीवर टाकला.

"तू कर. तू मोस्सी, घोडा तुमचा. घोड्याची कर, गाढवाची कर. मी विचारणार नाही. जमलं तर राहा."

आता विचार कर. एक चांगली भरघोस शेपूट केली की मोस्सींची अब्रू परत, मामाची टोपी सार्थकी लागली. रासमाता आठवडाभर मेणाशी बसली. आणि तिने गाढवाचीच केली. अगदी तशीच. फक्त झुपक्यात, केसांच्या आत, दातांनी शेपूट घट्ट धरून लोंबकळणारं एक चिमुकलं कुत्रं केलं, डोक्यावर म्हाताऱ्याची ती विणलेली टोपी.

पारेंनी मेण हातात घेतलं, फिरवून पाहिलं, कुत्र्यापाशी थांबले. अंगठ्याने काहीतरी दाबलं.

"कान चुकलेत," म्हणाले. "सामोच्या कुत्र्याला कान उभे असतात. ओतायच्या आधी नीट कर. आणि उद्या लवकर ये, गाढवाची लीद तू भरायचीस."

तर गेल्या शुक्रवारी नवी शेपूट घोड्याला बसलीसुद्धा. सामो लोक कट्ट्यावर हसायला जातात आणि मध्येच थांबून, मान वाकडी करून, ते काय लोंबतंय बघतात. आबिजान रद्द झालं. मामा तर इतका खूश आहे, भाचीच्या हातून आपल्या घोडेस्वाराची दुरुस्ती झाली म्हणून गल्लीभर सांगत सुटलाय. काल परत पुढे उभं राहून त्याने टोपी काढली, आणि रासमाता शेजारी उभी, विचारात, आता याला मागे नेऊ की नको.

तू पण मोस्सीच ना गं. सांग, तू काय केलं असतंस?